बारा व्होल्टचा चोर

१

मृत्यू माणसाला एकदाच गाठतो, यावर आमच्या मआन गावातल्या सगळ्या शहाण्या लोकांचं एकमत आहे. अबू मुफ्लेहच्या ट्रकची बॅटरी मात्र चौऱ्याण्णव सालच्या त्या एका हिवाळ्यात चार वेळा मेली, आणि पाचव्यांदा मरायच्या बेतात होती.

त्या दिवसांत मआनमधला निम्मा गाव अकाबा बंदरातल्या मालावर जगायचा आणि उरलेला निम्मा त्या निम्म्या गावावर. मी दुसऱ्या निम्म्यातला. मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचो. म्हणजे ज्या रस्त्यांवर त्यांचे बाप रोज ट्रक चालवायचे, ते रस्ते मी त्यांना नकाशावर दाखवायचो. दुपारी शाळा सुटली की मी उस्ता बार्केवच्या दुकानात जाऊन बसायचो. उस्ता म्हणजे कसबी कारागीर. बार्केव हा जातीनं अर्मेनियन, जन्मानं सीमेपलीकडच्या हलब शहरचा आणि धंद्यानं गाड्यांचा वायरमन. बिघडलेल्या गाडीकडे तो डॉक्टरसारखं नाही, पोलिसासारखं बघायचा. त्याच्या मते कुठलीही गाडी बिघडत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं.

आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. विकणाऱ्या मुलाला बॅटरीचं पाणी म्हणजे काय, हे सांगून पाहिलं. त्याला मी गंमत करतोय असं वाटलं.

तर त्या शनिवारी दुपारी अबू मुफ्लेह, म्हणजे मुफ्लेहचे बाप, दुकानात आले. वय साठ-एकसष्ट, उंच, डोक्यावर लाल चौकड्यांचा रुमाल, तोंडात कवळी आणि कवळीच्या आत कुलूप. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा आणि त्यातले चार सलामात जायचे. त्या दिवशी त्यांनी दिवसाचा साठा एका दमात संपवला.

"उस्ता, बॅटरी परत मेली. गुरुवारी पाळी आहे."

बार्केवनं हातातली पकड खाली ठेवली. पाळी म्हणजे काय, हे मआनमध्ये कुणाला समजवावं लागत नसे. बंदरावर ट्रकवाल्यांची यादी असायची. आपला नंबर आला की त्या सकाळी गाडी फाटकावर हजर पाहिजे. गाडी चालू झाली नाही, पाळी गेली. लागोपाठ तीन पाळ्या गेल्या की नाव यादीच्या तळाशी. अबू मुफ्लेहच्या दोन गेल्या होत्या. तिसरी गेली असती तर त्यांचं नाव वर यायला वर्ष लागलं असतं, आणि जर्का शहरातला एक भंगारवाला दोनदा येऊन त्यांच्या ट्रकच्या लोखंडावर थापटी मारून गेला होता.

"भंगारवाल्याला काय सांगितलंत?" मी विचारलं.

"चहा दिला," अबू मुफ्लेह म्हणाले.

बार्केवनं चष्मा पुसला. "अबू मुफ्लेह, एक सांगा. कुठली बॅटरी मेली?"

"ट्रकची."

"ट्रकला दोन असतात. बारा-बाराच्या दोन, एकापाठी एक जोडलेल्या, मिळून चोवीस व्होल्ट. कुठली मेली?"

अबू मुफ्लेहनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं विचारलं, तुमच्या दोन डोळ्यांपैकी झोप कुठल्याला लागते.

२

ट्रक अबू मुफ्लेहच्या घराशेजारी, डाळिंबाच्या बागेच्या भिंतीला लागून उभा असायचा. जुना जर्मन ट्रक, लांब नाकाचा, निळा. दारावर त्यांनी रंगवून घेतलेला गरुड उन्हानं विटून कबुतर झाला होता. ऐंशीच्या दशकात, तिकडे लढाई चालू असताना, या ट्रकनं अकाबा ते बगदाद अशा किती फेऱ्या मारल्या, याचा हिशेब फक्त त्यालाच ठाऊक.

बार्केवनं दोन्ही बॅटऱ्या तपासल्या. बाहेरची टणटणीत होती. आतली, केबिनच्या बाजूची, ठार मेलेली.

"मागच्या वेळी नवी कुठं बसवली?"

"हीच नवी," अबू मुफ्लेह म्हणाले.

"म्हणजे नवी आतल्या जागेवर बसवली आणि नवी मेली. जुनी बाहेर आहे, ती जिवंत." बार्केव माझ्याकडे वळला. "मास्तर, एका ताटात जेवणारी दोन भावंडं. एकच उपाशी मरतं. काय समजायचं?"

"आईचं लाडकं दुसरं आहे."

"भूगोलच शिकवा," बार्केव म्हणाला.

त्यानं सांगितलं ते असं. सेल्फ, दिवे, भोंगा, या ट्रकचं सगळं चोवीसवर चालतं. त्यातलं काही बिघडून वीज खात असेल, तर दोन्ही बॅटऱ्या सारख्या उतरतील. इथं चोर एकाच बॅटरीतून खातोय. त्याला चोवीस पचत नाही. चोर बाराचा आहे.

मग त्यानं केबिनचं दार उघडलं, आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"अबू मुफ्लेह, तुम्ही टरबुजाच्या बिया खाता?"

अबू मुफ्लेहनी उत्तरादाखल कवळी थोडी पुढे काढून दाखवली.

बार्केवनं खालून मूठभर टरफलं उचलली होती. खारवून भाजलेल्या बियांची, दातांनी मधोमध नीट फोडलेली. ती ड्रायव्हरच्या बाजूला नव्हती. शेजारच्या सीटखाली होती.

"गाडीत कुणीतरी येऊन बसतं," तो म्हणाला.

३

गावात संशयित शोधायला लागत नाहीत. ते स्वतःहून येतात.

पहिला आला सब्री. बॅटऱ्यांचा दुकानदार, गोरा, गुबगुबीत, बोटांत दोन अंगठ्या. मेलेल्या सगळ्या बॅटऱ्या त्याच्याच दुकानच्या होत्या.

"उस्ता, माझ्या मालाबद्दल काही बोलू नकोस," तो आल्या आल्या म्हणाला.

"मी तोंड उघडलेलं नाही."

"उघडणार होतास. माझी बॅटरी सरळमार्गी आहे. यांच्या ट्रकमध्ये शिरली की बिघडते. संगत वाईट."

"बाहेरची बॅटरी कुणाकडची?"

"माझ्याकडचीच."

"ती का नाही मरत?"

सब्रीनं विचार केला. आपल्या मालाचं कौतुक करावं की निंदा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, "अल्लाची मर्जी," आणि त्याची सुटका झाली. माल वाईट असता तर कुठल्याही जागेवर मेला असता. एकाच जागेवर मरायला बॅटरीला कारण लागतं.

दुसरा नायेल. तिशीतला ड्रायव्हर, यादीत अबू मुफ्लेहच्या लगेच खालचा नंबर. अबू मुफ्लेहची पाळी चुकली की नायेल एक पायरी वर. दोन्ही वेळा तोच वर सरकला होता. गाव त्याच्याकडे बघून खाकरायला लागला होता.

"मीच केलं, लिहून घ्या," नायेल दुकानात येऊन म्हणाला. "रोज सकाळी वडील माणसाची बॅटरी मारतो, आणि मग माझ्याच केबल लावून ती जिवंत करतो. दुसरं कामच नाही मला."

"दोन्ही वेळा केबल तू आणल्यास?"

"काकांनी हाक मारली. जायला नको? पण गाडी उठेपर्यंत फाटकाची वेळ टळली. नंतर काकूनं दह्यातल्या मटणाचं मन्सफ जेवू घातलं. पाळी माझ्या पदरात, मन्सफ माझ्या पोटात आणि बदनामी माझ्या डोक्यावर. असा धंदा कोण करतो, उस्ता?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "हेतू फक्त त्याच्याकडेच आहे."

"हेतू आहे, बारा नाहीत," बार्केव म्हणाला. "नायेलच्या गाडीतला दिवा चोवीसचा, पंखा चोवीसचा. त्यानं चोरलं असतं तर दोन्हीतून चोरलं असतं. आणि ट्रकचा ड्रायव्हर रिकाम्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसत नाही. मेला तरी नाही."

तिसरा संशयित मात्र आला नाही. त्याच्याकडे जावं लागलं. अबू रज्जा, भिंतीपलीकडचा शेजारी, कोंबड्या पाळायचा. थंडीत अंडी उबवायला तो पेटीत दिवा लावून ठेवायचा. मोटारीचा दिवा. बारा व्होल्टचा.

आणि ट्रकच्या बाजूनं एक काळी तार भिंतीवर चढून अबू रज्जाच्या अंगणात उतरत होती.

४

बार्केवनं तार चिमटीत धरली आणि न बोलता तिच्यामागोमाग फाटकातून आत गेला. मीही गेलो. तार भिंतीवरून अंगणात आली, खुंटाला एक वेढा घालून पुढं गेली आणि समोरच्या खांबाला बांधलेली निघाली. तिच्यावर सात मोजे आणि एक लोकरी बंडी वाळत होती.

"काय उस्ता, कपडे आणलेत?" अबू रज्जानं विचारलं.

त्याचा उबवणीचा दिवा त्याच्याच पिकअपच्या बॅटरीवर होता. पिकअप रोज बाजारात जायचा, बॅटरी रोज भरायची. अबू रज्जानं आम्हाला सहा अंडी दिली. ज्याला चोर समजून गेलो, त्याच माणसाकडून अंडी घेऊन परत येणं हा आमच्या भागातला नेहमीचा अनुभव आहे.

सोमवार उजाडला. पाळीला तीन दिवस उरले. अबू मुफ्लेह अकाब्याला बंदरावर गेले होते. नायेलनं त्यांना आपल्या गाडीतून नेलं. गुरुवारऐवजी चार दिवस पुढची पाळी मिळते का, हे विचारायला. मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण विचारायला गेलं की घरात बसावं लागत नाही.

बार्केवनं भरलेली बॅटरी आतल्या जागेवर ठेवली, एक तार सोडवली आणि मध्ये छोटा दिवा जोडला. गाडी बंद, किल्ली काढलेली, सगळे खटके खाली. दिवा विझलेला असायला हवा होता.

तो मंद पेटला.

त्यानं एकेक फ्यूज काढला. शेवटचा फ्यूज हातात आला तरी दिवा पेटलेलाच. "फ्यूजच्या आधीच कुणीतरी हात मारलाय," तो पुटपुटला आणि ट्रकखाली शिरला. थोड्या वेळानं खालून आवाज यायला लागला.

"तांबडी तार. थेट आतल्या बॅटरीवरून. फ्यूज नाही, किल्ली नाही, काही नाही. मास्तर, हे ज्या गाढवानं केलंय ना, त्याला वीज म्हणजे पाणी वाटत असणार. त्याच्या उस्तादालाही लाज वाटली पाहिजे. हा सांधा बघा, दोनदा पीळ देऊन वर मेणकापड…"

आवाज थांबला.

"उस्ता?"

"मेणकापड गुंडाळून वर सुताची गाठ," बार्केव खूप हळू म्हणाला. "हा सांधा माझा आहे."

५

तो बाहेर आला, ट्रकच्या पायरीवर बसला आणि त्यानं सिगारेट पेटवली. नंतर मला त्र्याऐंशी साल सांगितलं.

तेव्हा बंदरात जपानी टेप स्वस्तात उतरायचे. छोट्या मोटारींचे, बारा व्होल्टचे. बगदादच्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला एक हवा होता. ट्रक चोवीसचे. आठवड्याला चाळीस ट्रक दारात उभे. मग प्रत्येक वायरमननं तेच केलं. दोनपैकी एका बॅटरीवर तार लावली आणि पुढच्याला हाक मारली. दिवसरात्र चालणाऱ्या गाडीत ते खपून गेलं. रस्त्यावर बॅटरीला मरायला सवड नव्हती.

"आता गाडी दहा-दहा दिवस उभी असते," बार्केव म्हणाला. "पण तरी टेप चालू कोणी करायला पाहिजे. अबू मुफ्लेह तर म्हणतात, टेप कधीचाच मेलाय. ते आरशाला ट्रान्झिस्टर टांगून बातम्या ऐकतात."

आम्ही केबिनमध्ये चढलो. टेपचा दिवा लागलेला नव्हता. बार्केवनं त्याच्या अंगावर तळवा ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात.

"गरम आहे."

त्यानं आवाजाचा खटका शून्यावरून थोडा फिरवला.

"…आणि ऐक, उम मुफ्लेह," शेजारून एक पुरुष बोलला. "मी आत्ता रुत्बाच्या अलीकडे थांबलोय. वारा असा सुटलाय की चहात वाळू नाही, वाळूत चहा आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, गाळून प्या. म्हणून गाळला. रुमालातून. आता रुमालाला चहाचा वास येतोय आणि मला घरचा…"

आवाज तरुण होता, खेळकर होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. तरीही ओळखू आला. अबू मुफ्लेह बायकोशी बोलत होते. एका दमात त्यांनी चार दिवसांचे शब्द खर्च केले होते.

बार्केवनं खटका शून्यावर आणला.

"दुसऱ्याचं पत्र आहे," तो म्हणाला.

मग खाली पडलेल्या टरफलांकडे, त्या शेजारच्या सीटकडे बघत राहिला. "सांगा मास्तर. रिकाम्या ट्रकमध्ये बसायला आलेला माणूस स्टिअरिंग सोडून या बाजूला का बसेल?"

या वेळी मला उत्तर आलं. "कारण तो या ट्रकमध्ये जेव्हा बसलाय, तेव्हा याच बाजूला बसलाय."

"बसलीय," बार्केव म्हणाला.

६

उम मुफ्लेहनं आम्हाला ओसरीत बसवलं आणि मरमियाचा पाला घातलेला चहा आणला. ठेंगणी, ठसठशीत बाई. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातून झालेली. बशीत टरबुजाच्या बिया होत्या. बार्केवनं एक उचलली, फोडली नाही.

"उम मुफ्लेह, माझी एक जुनी चूक सापडली," तो म्हणाला. "ट्रकमधला टेप मी चुकीच्या जागी जोडला होता. तो चालू राहिला की बॅटरी खातो."

तिनं बशी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "पण मी बंद करायची."

"कसा?"

"आवाज पूर्ण खाली आणून. घरचा रेडिओ तसाच बंद होतो. टक् वाजतं."

"टक् वाजलं का?"

"नाही वाजलं. मला वाटलं, ट्रकचाय, म्हातारा झालाय."

बार्केवनं समजावलं. त्या टेपला आवाजाचा खटका वेगळा आणि बंद करायचं बटण वेगळं. शिवाय तो उलटसुलट फिरणारा. एक बाजू संपली की आपोआप दुसरी, दुसरी संपली की परत पहिली. ती घरात आली तरी कॅसेट आत फिरतच राहायची. दिवसचे दिवस, बंद ट्रकमध्ये, काचा वर केलेल्या, आवाज शून्यावर, अबू मुफ्लेह बोलत होते.

"आणि ते गाडी चालवत असतानासुद्धा?" मी न राहवून विचारलं.

"तेव्हाही. त्यांच्याच शेजारी," बार्केव म्हणाला.

उम मुफ्लेहनं डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाला लावलं. हसली की काय, समजलं नाही.

"मला वाचता येत नाही, त्यांना लिहिता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून ते कॅसेट भरून पाठवायचे, इकडे येणाऱ्या ड्रायव्हरबरोबर. मुफ्लेहच्या जन्माआधी मी दोनदा दमास्कसपर्यंत गेले होते या ट्रकमधून. रस्ताभर बडबड. आता तुम्ही बघताच. बगदादचा रस्ता बंद झाला, लढाई संपली, पोरगा अम्मानला नोकरीला लागला. माणूस घरी आला आणि गप्प झाला. घरचा टेप बिघडलाय. मग दुपारी ते झोपले की मी जाऊन बसते. अर्धा तास. बिया खाते, ऐकते."

मग तिला पुढचं सुचलं असावं. तिनं कप खाली ठेवला.

"म्हणजे दोन पाळ्या माझ्यामुळे गेल्या."

"माझ्यामुळे," बार्केव म्हणाला.

"गुरुवारचीही जाईल?"

"नाही जाणार."

"त्यांना सांगू नका, उस्ता. पाळीसाठी रागावणार नाहीत ते. पण त्या कॅसेटमध्ये काय काय बोललेत… ते त्यांनी कधीचंच विसरून टाकलंय. मी ऐकते म्हटल्यावर त्यांना माझ्यासमोर जेवायला बसता यायचं नाही."

बार्केव उठला. "घरचा टेप बाहेर काढा," तो म्हणाला.

७

मंगळवारी अबू मुफ्लेह अकाब्याहून अपेक्षित नकार घेऊन परत आले. बार्केवनं त्यांना सगळ्यांसमोर, म्हणजे सब्री, नायेल आणि अंडी घेऊन आलेल्या अबू रज्जासमोर, उलगडा सांगितला. त्यानं सगळं खरं सांगितलं, फक्त थोडं कमी. एकाच बॅटरीवरची तार, फ्यूज नाही, जुना टेप आतल्या आत वीज खात होता. तार कोणी लावली? त्यानं स्वतःच.

सब्रीला तो दिवस सणासारखा गेला. "म्हणजे उस्ता, चार दिवस तू तपास केलास आणि चोर तूच निघालास?"

"हो."

"माझ्या बॅटरीचं नाव खराब केलंस."

"तुझी बॅटरी सरळमार्गी आहे," बार्केव म्हणाला. ही कबुली सब्री पुढं पाच वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होता. बार्केवकडची निम्मी गिऱ्हाइकं त्या हिवाळ्यात जर्काच्या वायरमनकडं जायला लागली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. त्यानं ती तार काढून टेप किल्लीतून जोडला, चोवीसचे बारा करणारी डबी मध्ये बसवली. मी बाजूला बसून कॅसेट गुपचूप खिशात घातली आणि नंतर उम मुफ्लेहकडे पोचवली.

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे भिंतीपाशी उभे होतो. उम मुफ्लेह खिडकीत होती. अबू मुफ्लेह चढले, किल्ली फिरवली. ट्रक पहिल्याच झटक्यात उठला, काळा धूर सोडला आणि भिंतीवरच्या चार कोंबड्या उडाल्या. नायेलनं भोंगा वाजवला आणि मागोमाग निघाला, यादीत पुन्हा एक पायरी खाली. यादीत नाव राहिलं. जर्काचा भंगारवाला परत आला नाही.

शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर, आम्ही तिघं अबू मुफ्लेहच्या अंगणात चहाला बसलो होतो. उन्हात, भिंतीला टेकून. बंदरात काय झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "साखर." म्हणजे साखर भरली. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला. टेप दुरुस्त झाला होता. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, एवढंच. बार्केवनं सायकलच्या ट्यूबमधून एक कापून घातला होता. उम मुफ्लेहनं आवाज बारीक ठेवला होता. पण खिडकी उघडी होती.

"…रमादीच्या बाजारात कांदे असे ढिगानं पडलेत, उम मुफ्लेह, की मला तुझे हात आठवले. तू चिरतेस आणि रडतेस आणि म्हणतेस मी रडत नाहीये. एक पोतं घेतो. तू नको म्हणशील. म्हणून नको म्हणायच्या आतच घेतो…"

अबू मुफ्लेहनी मान वळवली. "कोण हा? फार बोलतो."

खिडकीतून उत्तर आलं, "होता एक ड्रायव्हर."

ते ऐकत राहिले. हातातला कप तसाच. बार्केव सिगारेटकडे बघत होता, मी डाळिंबाच्या झाडाकडे. आत तो तरुण माणूस कांद्यांवरून तिच्या हातांवर, हातांवरून घरावर आणि घरावरून परत कांद्यांवर आला. मग बाजू संपली. अबू मुफ्लेहचे कान लाल झाले होते, पण ते उठून गेले नाहीत.

शेवटी मलाच राहवेना. "काका, मग आणलेत का कांदे?"

"आणले," अबू मुफ्लेह म्हणाले.

"निम्मे सडके निघाले," आतून उम मुफ्लेह म्हणाली.